केसांआधी मुळांचा विचार करणाऱ्या मॅडम वॉकर

कुरळे केस सरळ करण्याचा इतिहास सांगताना अमेरिकेतील मॅडम सी. जे. वॉकर यांचे नाव हमखास घेतले जाते. तापवलेला धातूचा कंगवा त्यांनीच शोधला, असेही अनेक ठिकाणी वाचायला मिळते. प्रत्यक्षात असा कंगवा त्यांच्या आधीपासून वापरात होता. शिवाय केस सरळ करणारी बाई ही ओळख वॉकरबाईंना स्वतःला मुळीच मान्य नव्हती. त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती गळणाऱ्या केसांपासून आणि खपल्यांनी भरलेल्या डोक्याच्या त्वचेपासून.

त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७ चा, लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी, कापसाच्या मळ्यावर. आईवडील त्याच मळ्यावर गुलाम म्हणून राबलेले. गुलामगिरी संपल्यानंतर जन्मलेले त्या घरातले हे पहिले मूल. सातव्या वर्षी सारा पोरकी झाली. चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले, सतराव्या वर्षी मुलगी झाली आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. लहानग्या लेलियाला घेऊन ती सेंट लुइस शहरात आली. तिचे भाऊ तिथे न्हाव्याचा व्यवसाय करीत. साराने लोकांचे कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे काम धरले. दिवसाला मिळत जेमतेम दीड डॉलर. त्यातच घर चालवायचे आणि लेकीला शिकवायचे.

या कष्टाच्या वर्षांत साराचे केस झपाट्याने गळू लागले. ही तक्रार तिच्या एकटीची नव्हती. गरीब वस्त्यांत घरात नळ नसे, त्यामुळे डोके वारंवार धुणे शक्य नव्हते. साबण बहुधा कडक क्षारांचे असत. जोडीला निकृष्ट आहार आणि सततचा ताण. कोंडा, बुरशी आणि खाज यांनी अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या डोक्यावर चट्टे पडलेले असत. त्यांच्या केसांची ठेवणही मुळात नाजूक. अशा केसाचा छेद गोल नसून चपटा असतो आणि केस त्वचेतूनच वळत बाहेर येतो. डोक्यावरचे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे केस कोरडा राहतो आणि वळणाच्या जागी तुटतो.

सेंट लुइसमध्येच ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिका केसांसाठी औषधी मलम विकत होत्या. सारा काही काळ त्यांची विक्रेती झाली. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली, तिथे स्वयंपाकीण म्हणून काम करता करता स्वतःचे मलम बनवू लागली. १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी तिचे लग्न झाले आणि सारा ब्रीडलव्हची मॅडम सी. जे. वॉकर झाली. मलमाची कृती आपल्याला स्वप्नात मिळाली, असे मॅडम वॉकर सांगत. कृती कोणाची, यावरून टर्नबोबाईंशी पुढे वितुष्टही आले. पण मलमातला मुख्य घटक जुनाच होता. पेट्रोलियम जेलीसारख्या स्निग्ध पदार्थात मिसळलेला गंधक त्वचारोगांवर कितीतरी आधीपासून वापरला जात होता. गंधकामुळे खपल्या सैल होतात आणि बुरशीला आळा बसतो. कोंड्यावरच्या काही शाम्पूंमध्ये तो आजही असतो.

खरा फरक पडला तो पद्धतीमुळे. डोके नियमित धुवायचे, त्वचेला मलम लावायचे, केस नीट विंचरायचे आणि हवे असल्यास शेवटी तापवलेला कंगवा फिरवायचा, असा वॉकर पद्धतीचा क्रम होता. नुसते नियमित धुण्यानेही अनेकींच्या डोक्याची त्वचा सुधारली असणार. त्वचा बरी झाली की मुळे तग धरतात आणि केस पुन्हा वाढू लागतात.

कंगव्याने केस सरळ का होतो, हे समजायला साराचे जुने काम उपयोगी पडते. सुती कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की चुणी जाते, कारण धाग्यातले हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि कापड सपाट असताना नव्याने जुळतात. केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्यातही असे बंध असतात. ते सुटून केस ताणलेल्या स्थितीत पुन्हा जुळले की केस सरळ दिसतो. पण घाम आला, पाऊस लागला की कपडा चुरगळावा तसे कुरळेपण परत येते. केसाचा मूळ आकार धरून ठेवणारे गंधकाचे बंध याहून बळकट असतात. ते मोडायला कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र रसायने लागतात.

शेगडीवर तापवलेल्या कंगव्याला तापमापक नव्हता. तो सहज दीडशे अंश सेल्सिअसच्या वर जाई. केस ओला राहिला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो ठिसूळ होई, आणि गरम तेल ओघळले तर त्वचा भाजे. म्हणूनच आज नैसर्गिक कुरळे केस घरी सरळ करण्यासाठी मोठ्या रोलर्सचा मार्ग जास्त सौम्य मानला जातो. धुतलेल्या केसांतले जास्तीचे पाणी टिपून, गुंता काढून, एकेक बट मोठ्या रोलरवर गुळगुळीत गुंडाळायची आणि केस आतपर्यंत वाळल्यावरच रोलर सोडायचा. इथे बंध सोडवण्याचे काम पाणीच करते, त्यामुळे फार उष्णता लागत नाही. पथ्य एकच, मुळाशी ओढ बसता कामा नये. सततच्या ताणाने मुळे दुखावतात आणि कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. रासायनिक पद्धतींबाबत सावधगिरी आणखी महत्त्वाची. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. रसायनांमुळेच कर्करोग झाला, हे मात्र त्यातून सिद्ध झालेले नाही.

मॅडम वॉकर यांनी १९०८ मध्ये पिट्सबर्गला प्रशिक्षणाची शाळा काढली आणि १९१० मध्ये इंडियानापोलिसला मुक्काम हलवून तिथे कारखाना उभारला. हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया त्यांच्या विक्रेत्या झाल्या. धुणीभांडी आणि शेतमजुरी एवढेच पर्याय असलेल्या बायकांच्या हाती स्वतःची कमाई आली. १९१२ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय व्यावसायिकांची परिषद भरली होती. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना बोलू देईनात. तेव्हा त्या सरळ उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतापासून कारखान्यापर्यंतचा आपला प्रवास त्यांनी सभेला ऐकवला. पुढच्या वर्षी त्याच परिषदेत त्या सन्मानाने वक्त्या होत्या. त्वचा उजळवणारी उत्पादने मात्र त्यांनी हयातीत कधी विकली नाहीत. ती कंपनीने त्यांच्या मृत्यूनंतर आणली.

टीकाही झाली. केस सरळ करणे म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असे अनेक कृष्णवर्णीय विचारवंतांना वाटे. त्यावर वॉकरबाईंचे म्हणणे असे, की आपला भर निरोगी त्वचेवर आणि केसांच्या वाढीवर आहे. पण त्यांच्या पद्धतीत तापवलेला कंगवा होता आणि अनेक गिऱ्हाइके त्यासाठीच येत, हेही खरे. हा वाद आजही मिटलेला नाही.

स्वतःच्या प्रकृतीकडे मात्र त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार जडला होता. डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगत, पण दौरे, भाषणे आणि झुंडबळींविरुद्धची चळवळ थांबत नव्हती. रक्तदाब खाली आणणारी प्रभावी औषधे तेव्हा उपलब्धच नव्हती. १९१९ च्या वसंतात सेंट लुइसच्या दौऱ्यावर असताना त्या आजारी पडल्या. त्यांना न्यूयॉर्कजवळच्या घरी आणण्यात आले. अखेरच्या दिवसांतही झुंडबळीविरोधी निधीसाठी त्यांनी पाच हजार डॉलर जाहीर केले. २५ मे १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केस गळू लागले, तेव्हा त्याची निशाणी आरशात दिसली आणि उपाय शोधता आला. वाढलेला रक्तदाब आरशात दिसत नाही आणि बहुधा काही त्रासही जाणवू देत नाही. तो मोजावा लागतो. वॉकरबाईंच्या काळी मोजूनही फारसे काही करता येत नव्हते. आज ते करता येते.