मुसीच्या पुरानंतर

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. उत्तर कानडा जिल्हाही तेव्हा त्याच इलाख्यात होता. खडकवासल्याची त्यांची स्वयंचलित दारे सर्वांच्या स्मरणात आहेत. आम्हांस मात्र त्यांचे हैदराबादचे कार्य अधिक मोलाचे वाटते. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने तेथे हजारो माणसे वाहून नेली. नोकरी सोडून परदेशी गेलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने पाचारण केले. नुसते काठ बांधण्यावर न थांबता त्यांनी शहराच्या वरच्या अंगास पूर अडविणारे तलाव आणि शहरात भुयारी गटारे अशी योजना मांडली. उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, हिमायतसागर १९२७ साली. शंभरी पार करून १९६२ मध्ये ते निवर्तले. गुंदच्या उतारावर घरांसाठी जागा नेमून देताना पंचायतीने आधी वहाळांच्या वाटा नकाशावर आखाव्यात.