तांबेऱ्याचा माग काढणारे करमचंद मेहता

स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रज्ञाविषयी लिही, असे सांगितल्यावर कृषी खात्यात नोकरी केलेल्या मला आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता आठवले. आपल्यातल्या अनेकांच्या घरी गहू होता. तांबेरा पडलेल्या शेतातून चालले की पांढरा लेंगा विटकरी व्हायचा, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्या साली दाणा चिमायचा आणि घरात फीचा विषय निघायचा नाही.

तो विटकरी भुगा म्हणजे बुरशीचे बीजाणू. मेहतांना पडलेला प्रश्न साधा होता. मार्च-एप्रिलमध्ये गहू कापला जातो, मे-जूनच्या उन्हात मैदानातले बीजाणू मरतात. मग पुढच्या हिवाळ्यात तांबेरा येतो कुठून? युरोप-अमेरिकेत उत्तर तयार होते: बार्बेरीच्या झुडपावरून. अमेरिकेने तर १९१८ पासून ही झुडपे उपटण्याची मोहीमच काढली. केंब्रिजला शिकून आलेल्या माणसाने तेच उत्तर इथे चिकटवले असते, तरी कुणी हरकत घेतली नसती.

मेहतांनी ते पडताळून पाहिले. हिमालयात बार्बेरी भरपूर आहे, पण आपल्याकडच्या गव्हाच्या तांबेऱ्यात तिचा वाटा नाही, असे त्यांना आढळले. व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून ते बीजाणू पकडत, सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. कुठे बीजाणू आधी दिसतात आणि कुठे पीक आधी लाल होते, याचा मेळ वर्षानुवर्षे घालत राहिले. काम कंटाळवाणे, मला त्यांचे मोठेपण तिथेच वाटते. निष्कर्ष असा की थंड डोंगरांत, म्हणजे हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणी भागात, आपोआप उगवलेल्या रोपांवर आणि बिगरहंगामी गव्हावर तांबेरा उन्हाळा काढतो आणि वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो.

उपाय म्हणून त्यांनी डोंगरातले ते बिगरहंगामी पीक थांबवावे, असे सुचवले. शास्त्र म्हणून बरोबर. पण मैदानातल्या शेतकऱ्यासाठी डोंगरातल्याने आपले पीक का सोडावे, हा प्रश्न मला आजही सुटलेला वाटत नाही. पुढे भर प्रतिकारक वाणांवरच राहिला.

१९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. निलगिरीहून निघालेले बीजाणू नोव्हेंबरातल्या वादळी वाऱ्यांबरोबर उत्तरेकडे येतात, हे नंतरच्या पिढीने अधिक नेमके दाखवले. तो रस्ता आपल्या महाराष्ट्रावरूनच जातो. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे. आपली सहल तिथे गेली होती, पण आपण स्ट्रॉबेरी खाऊन परतलो!

मेहतांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९४० मध्ये निघाला. १९५० मध्ये ते वारले. दुसरा भाग त्यांच्या मागे, १९५२ मध्ये छापला गेला.