अंत्य उकाराचा साक्षीदार

संगणकावर मजकूर तपासताना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाची एक युक्ती वापरतात. शब्दाचा साचा ठरवून द्यायचा. त्यात बसेल तो घ्यायचा, न बसेल तो नाकारायचा. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना मांडली. मला मात्र साचा म्हटला की हटकून आठवतात ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे.

१८६३ साली जन्मलेले राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करीत. बीडजवळच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची पोथी मिळाली. ती नाथांच्या आधीची, असा त्यांचा निष्कर्ष. १९०९ साली त्यांनी ती छापली. तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. आपण आज ‘देव’ म्हणतो, तिथे जुनी मराठी ‘देवु’ म्हणे. ‘अर्जुन’ नव्हे, ‘अर्जुनु’. पुढे नकलकारांच्या हातून हा उकार गळत गेला. म्हणजे शब्दाच्या शेवटावरूनही पोथीचे वय अजमावता येते.

पण साचा रूप तपासतो, खरेपणा नव्हे. मागाहूनचा नकलकारही जुनी रूपे गिरवू शकतो. अभ्यासकांनी शंका घेतल्या. निवाड्याला मूळ पोथी हवी, आणि तीच आज उपलब्ध नाही.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात राजवाडे गेले. नियम छापील राहिले, साक्षीदार हरवला. म्हणून सांगावेसे वाटते: घराच्या माळ्यावर पोथ्यांचे रुमाल असतील, तर ते नदीत सोडू नका.