हायड्राझिनचे नामकर्ते एमिल फिशर

औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये सोडल्या जाणाऱ्या पाण्यातून विरघळलेला प्राणवायू काढून टाकावा लागतो. नाहीतर नळ्या आतून गंजतात. या कामासाठी जगभर वापरल्या गेलेल्या हायड्राझिन या रसायनाचे नामकरण केले ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी. याच कुळातील एका रसायनाने त्यांना अफाट कीर्ती दिली आणि त्याचे मोल त्यांच्या प्रकृतीकडून वसूल केले.

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी कोलोनजवळच्या ऑइसकिर्शेन या गावी झाला. मुलाने घरचा व्यापार सांभाळावा, ही वडिलांची इच्छा होती. परंतु मुलाचे मन हिशेबाच्या वह्यांत रमेना. अखेर १८७१ मध्ये तो बॉन विद्यापीठात दाखल झाला. पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्गला आडोल्फ फॉन बायर यांच्यासारखे गुरू लाभले आणि १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

वर्षभरातच फिशर यांच्या हाती फेनिलहायड्राझिन लागले. या संयुगांच्या कुळाला हायड्राझिन हे नाव त्यांनीच दिले. मूळ हायड्राझिन मात्र १८८७ मध्ये टेओडोर कुर्टियुस यांनी तयार केले. फिशर यांनी आपल्या शोधाचा उपयोग शर्करांचे कोडे सोडवण्यासाठी केला. शर्करा पाकासारख्या चिकट राहत आणि त्यांचे स्फटिक सहजी बनत नसत. फेनिलहायड्राझिनशी संयोग होताच त्यांच्यापासून पिवळे, ओळखता येण्याजोगे स्फटिक मिळू लागले. या किल्लीने त्यांनी ग्लुकोजची रचना उलगडली. १८९० मध्ये ग्लिसरॉलपासून ग्लुकोज कृत्रिमरीत्या घडवले. कॅफिन आणि युरिक आम्ल एकाच प्युरिन कुळातले, हेही त्यांनीच दाखवून दिले. १८९२ मध्ये बर्लिनचे मानाचे अध्यापकपद त्यांच्याकडे आले आणि १९०२ मध्ये शर्करा व प्युरिन यांवरील कार्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक.

या वैभवाच्या मागे मात्र एक व्याधी होती. वर्षानुवर्षे हाताळलेले फेनिलहायड्राझिन त्यांच्या अंगात भिनले होते. त्वचेवर इसब उठले, पचन बिघडले. हे रसायन रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करते, हे आज सर्वज्ञात आहे. त्या काळी मात्र प्रयोगशाळेत उघड्या हातांनी काम करणे आणि वाफा श्वासात घेणे ही नित्याचीच बाब होती. दुखणे एका दिवसात आले नाही, म्हणूनच त्याचे कारण ध्यानी येण्यास वर्षे लागली.

खासगी आयुष्यानेही त्यांना सुख दिले नाही. १८८८ मध्ये विवाह झाला. सातच वर्षांनी पत्नी आग्नेस निवर्तल्या. तीन मुलांपैकी दोघे पहिल्या महायुद्धाच्या काळात गेले. कर्करोगाने ग्रासलेल्या फिशर यांचा १५ जुलै १९१९ रोजी बर्लिन येथे अंत झाला. हा कर्करोग रसायनामुळेच झाला, असे ठामपणे म्हणता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हायड्राझिन बॉयलरच्या पाण्यात आले. प्राणवायूशी संयोग होऊन नायट्रोजन आणि पाणी उरते, क्षार मागे राहत नाहीत, ही त्याची मोठी सोय. परंतु ते त्वचेतूनही शरीरात शिरते. त्वचा व डोळे भाजते, यकृत आणि मज्जासंस्थेला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे ठरवले आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग इतकी कडक आहे. त्याचा अमोनियासारखा वास नाकाला जाणवतो, तेव्हा हे प्रमाण मर्यादेच्या सुमारे तीनशे पट झालेले असते. वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा समज म्हणूनच घातक ठरतो. बंदिस्त नळ्यांतून रसायन सोडणे, योग्य हातमोजे, मोकळी हवा आणि नियमित मोजणी यांना पर्याय नाही. शक्य तेथे हायड्राझिनऐवजी सल्फाइटसारखी दुसरी द्रव्ये वापरली जातात.

शर्करेच्या रेणूतील अणूंची मांडणी अचूक ओळखणाऱ्या फिशर यांनाही स्वतःच्या अंगात भिनणारे विष वेळीच ओळखता आले नाही. बॉयलरजवळ काम करणाऱ्याला आज मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. त्याने नाकावर विसंबून राहण्याचे कारण उरलेले नाही.