उष्णतेचा हिशेब मांडणारा विमानकर्ता

इंजिन चालले की तापणार आणि तापले की ते थंड ठेवण्याची सोय करावी लागणार. जमिनीवरच्या मोटारीत हा प्रश्न फारसा जाचक ठरत नाही. विमानात मात्र इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेली हवा विमानाला मागे खेचते. हवा कमी घेतली तर इंजिन तापते आणि जास्त घेतली तर वेग घटतो. या पेचातून वाट काढण्याचा मार्ग १९१५ मध्येच दाखवणारे जर्मन अभियंते म्हणजे ह्यूगो युंकर्स. धातूच्या विमानांचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांच्या आयुष्याचा खरा विषय मात्र उष्णता हाच होता.

युंकर्स यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजी ऱ्हाइन प्रांतातील राइट या गावी झाला. वडिलांची कापडगिरणी होती आणि घरची स्थिती उत्तम होती. बार्मेन, बर्लिन, कार्ल्सरूह व आखेन येथे त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८८८ मध्ये ते देसाऊ येथील गॅस कंपनीत दाखल झाले. तेथे ओशेलहॉयझर यांच्यासमवेत त्यांनी गॅसवर चालणाऱ्या इंजिनांचे संशोधन हाती घेतले. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, अशी त्या इंजिनाची रचना होती. अशा सिलिंडरला वरचे झाकण लागत नाही. त्यामुळे उष्णता निसटून जाण्याची एक मोठी जागाच नाहीशी होते.

जळणाऱ्या गॅसमधून नेमकी किती उष्णता मिळते, हे कळल्यावाचून इंजिनाचा हिशेब पुरा होत नाही. ते मोजण्यासाठी युंकर्स यांनी कॅलरीमापक तयार केला. वाहत्या पाण्याला ज्योतीची उष्णता द्यायची आणि पाणी किती व किती अंशांनी तापले हे पाहायचे, इतके त्याचे तत्त्व सोपे होते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. पाणी इतक्या चटकन तापत असेल, तर ते स्नानासाठी का वापरू नये? या विचारातून त्यांचा गॅसवरचा पाणीतापक जन्मास आला. १८९५ मध्ये त्यांनी त्यासाठी कारखाना काढला. आपल्याकडे घरोघरी बंब पेटत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. न्हाणीघरातल्या या उपकरणाने मिळवून दिलेल्या पैशावरच पुढे त्यांचे विमानसंशोधन उभे राहिले.

१८९७ ते १९१२ या काळात ते आखेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक होते. तेथील सहकारी हान्स राइसनर यांच्यामुळे ते विमानविद्येकडे वळले. त्या वेळी त्यांनी पन्नाशी गाठली होती. लाकूड, कापड आणि तारांच्या जंजाळाने बांधलेली विमाने त्यांना पटेनात. त्यांचे जे-१ हे संपूर्ण धातूचे विमान १२ डिसेंबर १९१५ रोजी डेबेरित्स येथे आकाशात झेपावले. पंखांना बाहेरून एकही तार नव्हती. जड पोलादी पत्र्यामुळे लोकांनी त्याला पत्र्याचे गाढव ठरवले, पण १२० अश्वशक्तीच्या इंजिनावर त्याने ताशी सुमारे १७० किलोमीटर वेग गाठला.

या विमानाचा रेडिएटर उघड्या वाऱ्यात न ठेवता पोटाखालच्या कवचात बसवलेला होता. त्यामागचा विचार युंकर्स यांनी त्याच वर्षी पेटंटमध्ये मांडला होता. तोंडाशी अरुंद असलेली नलिका आत रुंद होत गेली की हवेचा वेग मंदावतो व दाब वाढतो. अशी संथ हवा रेडिएटरमधून जाताना अवरोध कमी होतो. तेथे तापून प्रसरण पावलेली हवा निमुळत्या वाटेने मागे वेगाने बाहेर सोडली की गमावलेल्या शक्तीचा काही भाग परत मिळतो. इंजिनाने टाकून दिलेली उष्णताच अशा रीतीने कामी येते. हेच तत्त्व इंग्लंडमधील फार्नबरो येथील मेरेडिथ यांनी ऑगस्ट १९३५ मध्ये स्वतंत्रपणे मांडले आणि ते त्यांच्याच नावाने रूढ झाले. १९४० मध्ये उडालेल्या मस्टँग विमानाने त्याचा मोठा लाभ उठवला.

मेरेडिथ यांचा प्रबंध पाहण्यास युंकर्स हयात नव्हते. महायुद्ध संपल्यावर त्यांनी प्रवासी विमानांचा ध्यास घेतला. व्हर्सायच्या तहावर सह्या होण्याच्या तीन दिवस आधी, २५ जून १९१९ रोजी, बंद कक्षात चार प्रवासी नेणारे त्यांचे एफ-१३ हे धातूचे विमान उडाले. देसाऊ विमानविद्येचे केंद्र बनले. परंतु १९३२ च्या मंदीत कर्ज फेडण्यासाठी पाणीतापकांचा कारखाना बॉश कंपनीला विकावा लागला. १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझींना त्यांची पेटंटे व कारखाने हवे होते. लोकशाहीवादी आणि शांततावादी विचारांच्या युंकर्स यांनी विरोध केला. तेव्हा देशद्रोहाच्या आरोपाची धमकी देऊन त्यांच्याकडून पेटंटे व बहुसंख्य समभाग काढून घेण्यात आले. देसाऊत पाऊल ठेवण्याचीही त्यांना मनाई झाली. नजरकैदेत दिवस कंठत असता ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशीच, म्यूनिकजवळ गाउटिंग येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सात महिन्यांनी स्टुका बाँबफेकी विमानाचे पहिले उड्डाण झाले. त्याच्याशी युंकर्स यांचा काहीही संबंध नव्हता, तरी युरोपभर मृत्यूचा वर्षाव करणाऱ्या त्या विमानावर नाव त्यांचेच होते.

आजच्या मोटर ग्लायडरचे उदाहरण घेतले, तर युंकर्स यांच्या विचाराचे मोल कळते. स्वतःच्या बळावर वर चढताना या यानाचे इंजिन पूर्ण शक्तीने चालते, पण यानाचा वेग कमी असतो. म्हणजे उष्णता सर्वाधिक असते, तेव्हाच वारा सर्वांत कमी लाभतो. अशा वेळी नुसते पुढचे तोंड मोठे करून भागत नाही. आत आलेली हवा फटींतून निसटू न देता इंजिनाच्या तप्त भागांवरूनच न्यावी लागते आणि बाहेर पडण्याची वाट दाब कमी असलेल्या जागी ठेवावी लागते. हवा किती घेतली यापेक्षा ती कशी नेली व कशी सोडली, याला महत्त्व आहे. हा हिशेब युंकर्स यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडला होता. सत्तेने त्यांचे कारखाने हिरावून घेतले आणि नावही वापरले. त्यांचा हा विचार मात्र विमानविद्येत टिकून राहिला.