झाँ-मार्तें शार्को
झाँ-मार्तें शार्को (२९ नोव्हेंबर १८२५ – १६ ऑगस्ट १८९३) हे फ्रेंच चिकित्सक आणि आधुनिक मज्जासंस्थाशास्त्राचे एक संस्थापक होते. चालक चेतापेशींच्या आजारांपैकी सर्वांत परिचित असलेल्या अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (एएलएस) या रोगाचे स्वतंत्र स्वरूप त्यांनी सिद्ध केले. फ्रेंच भाषेत हा रोग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

प्रारंभिक जीवन
शार्को यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनवीत असत. पॅरिसमध्येच वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी १८५३ मध्ये गाउट व जुनाट संधिवात यांतील भेदांवर प्रबंध सादर केला. १८६२ मध्ये साल्पेत्रिएर रुग्णालयात प्रमुख चिकित्सक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

साल्पेत्रिएरमधील कार्य
साल्पेत्रिएरमध्ये त्या काळी हजारो निराधार, वृद्ध व दीर्घकाळ आजारी स्त्रिया राहत असत. शार्को यांनी त्यांच्या लक्षणांच्या वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदू व मेरुरज्जू यांतील बदलांशी त्या ताडून पाहिल्या. या पद्धतीने त्यांनी १८६८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचे सविस्तर वर्णन केले व कंपवातापासून त्याचे वेगळेपण दाखवले. कंपवाताला जेम्स पार्किन्सन यांचे नाव त्यांनीच सुचवले. १८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण करण्यात आले.

एएलएसचा शोध
काही रुग्णांचे स्नायू झिजत, तर त्याच वेळी हातपाय ताठरही होत. १८६९ मध्ये शार्को व आलिक्स झोफ्रुआ यांनी या रुग्णांच्या मेरुरज्जूत दोन प्रकारचे बदल असल्याचे दाखवले. स्नायूंना चालना देणाऱ्या पुढील भागातील पेशी नष्ट झाल्या होत्या आणि बाजूचे तंतुपट्टे कठीण झाले होते. १८७४ मध्ये शार्को यांनी रोगाला दिलेल्या नावात स्नायूंची झीज व बाजूच्या पट्ट्यांचे काठिण्य या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. निदान निश्चित झाले, तरी उपचार मात्र त्यांच्या हाती नव्हता.

हिस्टेरिया व टीका
पुढे शार्को यांनी संमोहनाच्या साहाय्याने हिस्टेरियाचा अभ्यास केला. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी लेखक व कलावंतही येत; १८८५-८६ मध्ये सिग्मुंड फ्रॉइड त्यांच्याकडे शिकले. येथे मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येईल असा बदल सापडला नाही. संमोहित अवस्था ही सूचनेचा परिणाम असते, अशी टीका नान्सी येथील इपोलित बर्नहाइम यांनी केली. रुग्ण स्त्रियांचे जाहीर प्रदर्शन केल्याबद्दलही शार्को यांच्यावर टीका होते. त्यांच्या मृत्यूनंतर शिष्य जोझेफ बाबिन्स्की यांनी त्यांचे हिस्टेरियाविषयक मत नाकारले.

निधन
मध्य फ्रान्समधील मोर्वां प्रदेशात प्रवासात असताना १८९३ मध्ये शार्को यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र झाँ-बाप्तिस्त शार्को ध्रुवप्रदेशांचे संशोधक म्हणून प्रसिद्ध झाले.

नंतरचे संशोधन
मज्जासंस्थेचे अनेक रोग एका सामाईक आनुवंशिक प्रवृत्तीतून उद्भवतात, असे शार्को मानत. नंतरच्या संशोधनाने या ढोबळ कल्पनेच्या जागी विशिष्ट जनुके आणली. १९९३ मध्ये कौटुंबिक एएलएसशी निगडित एसओडी-१ जनुकातील दोष सापडला. २०१६ मध्ये एनईके-१ व सी२१ओआरएफ२ ही जनुकेही या रोगाशी जोडली गेली. पेशीच्या पृष्ठभागावरील पक्ष्माभिका या केसांसारख्या सूक्ष्म रचनांच्या आनुवंशिक विकारांत ही दोन्ही जनुके आधीपासून ज्ञात होती. एनईके-१ च्या दोन्ही प्रती सदोष असल्यास बाळाच्या अस्थींची वाढ गंभीरपणे बिघडते. एकच प्रत सदोष असल्यास एएलएसचा धोका वाढतो. हे जनुक डीएनएच्या दुरुस्तीतही भाग घेते, त्यामुळे चेतापेशींच्या नाशात पक्ष्माभिकांचा वाटा किती, हे अद्याप निश्चित झालेले नाही. शार्को यांना ज्या पेशी केवळ मृत्यूनंतर पाहता आल्या, त्यांचा ऱ्हास जिवंतपणी कसा सुरू होतो, याचा शोध सुरू आहे.