ट्राम येण्याआधीच वेधशाळा हलवणारे नानाभाई मूस

फोनमधलं कंपास ॲप उघडा आणि फोन बाईकच्या टाकीजवळ न्या. उत्तर दिशा भरकटते ना? फोनमधला मॅग्नेटोमीटर पृथ्वीच्या चुंबकत्वासोबत शेजारच्या लोखंडाचा परिणामही पकडतो. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढे असाच प्रॉब्लेम होता. त्यांच्याकडे बाईक नव्हती, मुंबईची ट्राम होती.

मूस यांचा जन्म १८५९ चा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) इंजिनिअरिंग केलं, मग एडिनबरोला विज्ञान शिकले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या.

मुंबईत तेव्हा घोड्यांच्या ट्राम होत्या. विजेच्या येणार अशी चिन्हं दिसू लागली. विजेच्या ट्रामचा करंट रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत झिरपतो आणि स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. म्हणजे यंत्रं धडधाकट, पण आकडे खोटे! बंद पडलेलं मशीन निदान कळतं तरी. हा फॉल्ट गुपचूप डेटात शिरतो.

आज आपण सेन्सर आणि मॉडेल लावून बिघाडाचा अंदाज आधीच घेतो, त्याला प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स म्हणतो. मूस यांनी तो अंदाज भौतिकशास्त्रावरून बांधला आणि समुद्रापलीकडे, साधारण ३० किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. तिथली इमारत अचुंबकीय पोरबंदरी दगडाची; फिटिंग लोखंडाऐवजी तांब्या-पितळेची.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. जागा बदलली की आकडे बदलणारच. किती बदलतात ते कळलं, तरच जुनी आणि नवी नोंद जोडता येते. आम्ही डेटाबेस हलवताना पॅरलल रन करतो तो काही दिवसांचा, तोही मॅनेजरच्या मागे लागून.

१९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबकीय काम अलिबागला गेलेलं होतं. १९१० मध्ये मूस यांनी कुलाब्याचा १८४६ ते १९०५ चा डेटा दोन खंडांत छापला. १९३६ मध्ये ते वारले. त्यांच्या जन्मवर्षीच, सप्टेंबर १८५९ मध्ये आलेल्या प्रचंड सौरवादळाची ताकद शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये कुलाब्याच्याच नोंदींवरून काढली. अलिबागची वेधशाळा आजही मोजतेय.